सिलिंडरपासून डांबरापर्यंत

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांसाठीच्या कार्यक्रमात दिलेलं भाषण)

 

एरवी मी इथं कर्ज, परतफेड आणि बँकेची कागदपत्रं यावर बोलते. आज विज्ञानाचा एक धडा घेऊन आले आहे. गटाच्या बैठकीत बऱ्याच जणी म्हणतात, "ताई, पोरीला कार्बनचा धडा आहे. ती घोकते, पण अडलं तर आम्ही काय सांगणार? आम्ही कुठं एवढं शिकलोय?" मी स्वतः बी.ए. झाले, विज्ञान माझंही दहावीलाच सुटलं. पण हा धडा मी पुन्हा वाचून काढला, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून समजून घेतला आणि लक्षात आलं, की यातल्या निम्म्या वस्तू आपण रोज हाताळतो. गॅसचा सिलिंडर, रॉकेलची बाटली, मेणबत्ती, गाडीतलं पेट्रोल, मळणीयंत्राचं डिझेल, गावच्या रस्त्यावरचं डांबर. ही सगळी एकाच आईची लेकरं. त्या आईचं नाव कच्चं तेल. पुस्तकात त्याला खनिज तेल किंवा पेट्रोलियम म्हणतात.

या धड्यात पोरींचे मार्क आहेत आणि आपल्या घरातल्या माणसांचे जीवही आहेत. बंद खोलीतली शेगडी, गळणारा गॅस, पाण्याच्या बाटलीत भरलेलं रॉकेल यांनी किती घरं उद्ध्वस्त होतात, ते तुम्ही ऐकता, बघता. हे का होतं, ते या धड्यातून नीट कळतं. म्हणून आज जरा शांतपणे ऐका. लेकींनी वही-पेन घेतलं तर फारच छान.

पेट्रोलियम या शब्दाचा अर्थ दगडातलं तेल. पेट्रा म्हणजे खडक आणि ओलियम म्हणजे तेल. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारे बारीक बारीक जीव मेले, तळाशी गेले, त्यांच्यावर गाळाचे थर बसले. वरचा भार, खालची उष्णता आणि हवा अजिबात नाही, अशा ठिकाणी त्यांचं हळूहळू तेल आणि वायू झालं. जमिनीखाली तेलाचं तळं भरलेलं असतं असं पुष्कळांना वाटतं. खरं तर स्पंजात पाणी मुरावं तसं हे तेल खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. विहिरीला झरा लागतो तेव्हा पाणी जसं खडकातून पाझरतं, तसंच.

आपल्या देशात आसामातल्या दिग्बोईला १९०१ साली तेल शुद्ध करण्याचा कारखाना सुरू झाला. आपल्या महाराष्ट्राच्या जवळ बघायचं तर मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत, अरबी समुद्राखाली १९७४ साली तेल सापडलं. त्या जागेला बॉम्बे हाय म्हणत, आता मुंबई हाय म्हणतात. १९७६ पासून तिथून तेल निघायला लागलं. समुद्राच्या तळावरून टाकलेल्या नळांतून तेल आणि वायू रायगड जिल्ह्यात उरणला येतात. तरीही आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं पाचातलं चार हिश्श्यांहून जास्त तेल बाहेरून विकत आणावं लागतं. स्वयंपाकाचा गॅससुद्धा निम्म्याहून जास्त बाहेरून येतो. म्हणून आखातात कुठं लढाई पेटली की आपल्या सिलिंडरच्या भावाची चर्चा सुरू होते.

जमिनीतून निघालेलं कच्चं तेल काळपट, दाट आणि वासाचं असतं. ते तसंच चुलीत किंवा गाडीत घालता येत नाही. त्यात शेकडो पदार्थ एकमेकांत मिसळलेले असतात. ते वेगळे कसे करायचे? हातभट्टीची दारू कशी काढतात, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे, कारण त्या भट्ट्या बंद पाडायला आपणच जातो. रसायन तापवायचं, वाफ वर जाते, ती गार केली की थेंब थेंब गळतं. जे आधी उकळतं ते आधी वाफ होऊन निघतं. तेलाच्या कारखान्यात तत्त्व हेच. तिथं कच्चं तेल साधारण साडेतीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एका उंच मनोऱ्यात सोडतात. मनोरा खाली कडक तापलेला आणि वर वर गार होत गेलेला. वाफा वर चढतात आणि ज्या मजल्यावर ज्या वाफेला सोसेनासा गारवा लागतो, त्या मजल्यावर ती पातळ होऊन थांबते. प्रत्येक मजल्यावरून वेगळा नळ काढलेला. सगळ्यात वर गॅस, त्याखाली पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल, त्याखाली वंगणाचं तेल आणि मेण निघणारा जाडसर भाग आणि अगदी तळाशी डांबर. लेकींनो, पुस्तकात याला प्रभाजी ऊर्ध्वपातन म्हटलंय. शब्द अवघड आहे, पण मजल्यांचा मनोरा डोळ्यांसमोर आणलात तर आकृती आपोआप काढता येईल. क्रम विसरायला होत असेल तर एवढंच लक्षात ठेवा: हलकं वर, जड खाली.

आता खरा मुद्दा. गॅस दिसत नाही, पेट्रोल पाण्यासारखं पातळ, मेण घट्ट, डांबर काळं नि चिकट. रूपं इतकी वेगळी, पण हे सगळं मुख्यतः दोनच मूलद्रव्यांचं बनलेलं आहे. कार्बन आणि हायड्रोजन. म्हणून यांना हायड्रोकार्बन म्हणतात. दोनच जिन्नस, मग एवढा फरक कशानं पडतो? साखळीच्या लांबीनं.

असं समजा, कार्बन म्हणजे चार हातांची बाई आणि हायड्रोजन म्हणजे एका हाताचं लेकरू. नियम एकच, कुणाचाही हात मोकळा राहायचा नाही. कार्बनबाई एकटी उभी असेल तर तिच्या चार हातांना चार लेकरं. एक कार्बन, चार हायड्रोजन. याचं नाव मिथेन. आपल्या गोबर गॅसमध्ये जो पेटतो तो हाच, आणि शहरातल्या रिक्षांत भरतात त्या सीएनजीतही मुख्यतः हाच. आता दोन बायांनी एकमेकींचा हात धरला. प्रत्येकीचे तीन तीन हात उरले, म्हणजे सहा लेकरं. हा इथेन. तिघी रांगेत उभ्या राहिल्या, तर टोकाच्या दोघींना तीन तीन आणि मधलीला दोन, मिळून आठ. हा प्रोपेन. चौघींना दहा, तो ब्युटेन. लेकींनो, सूत्र पाठ करायची गरज नाही. जितके कार्बन असतील त्याची दुप्पट करा आणि टोकांचे दोन मिळवा. आठ कार्बनचा ऑक्टेन असेल तर सोळा आणि दोन, अठरा हायड्रोजन. पुस्तकात या घराण्याला अल्केन म्हणतात, आणि कार्बनच्या चार हातांना त्याची संयुजा चार असं म्हणतात.

साखळी लांब झाली की काय होतं? आखूड केस विंचरायला सोपे, लांब केसांचा गुंता होतो. तसंच इथं आहे. आखूड साखळ्या एकमेकींना फारशा धरून राहत नाहीत, लगेच सुटून हवेत उडतात. म्हणून एक ते चार कार्बनचे पदार्थ आपल्याकडच्या उन्हाळ्यात-हिवाळ्यात वायूच असतात. साधारण पाच ते बारा कार्बनचं ते पेट्रोल, पातळ आणि चटकन उडणारं. दहा ते सोळाच्या आसपास रॉकेल. त्याच्यापुढे डिझेल. वीसच्या पुढे वंगण आणि मेण. आणि चाळीस, सत्तर किंवा त्याहून लांब साखळ्यांचा गुंता म्हणजे डांबर. साखळी जितकी लांब, तितकी उकळायला उष्णता जास्त, पातळपणा कमी आणि पेटायला वेळ जास्त. एवढं एक वाक्य समजलं की कोणतं इंधन कसं वागेल आणि त्याला कसं सांभाळायचं, ते ताडता येतं. आता एकेक बघू.

आधी गॅसचा सिलिंडर. त्यात मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात, तीन आणि चार कार्बनच्या आखूड साखळ्या. ते खरे तर वायू, पण दाब देऊन त्यांचं पाणी केलेलं असतं. सिलिंडर हलवला की आत डुचमळतं ते हेच. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. आतलं एक लिटर पातळ बाहेर आलं की त्याचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. म्हणून सिलिंडर नेहमी उभाच ठेवायचा. आडवा केला तर वायूच्या जागी पातळ द्रवच नळीत येतो आणि ज्योत भडकते.

लग्नाच्या किंवा सभेच्या स्वयंपाकाचं काम घेणाऱ्या गटांनी पाहिलं असेल, मोठी शेगडी खूप वेळ चालली की सिलिंडरला बाहेरून पाण्याचे थेंब येतात, कधी पांढरा थरही धरतो. याला कारण आहे. द्रवाचा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. ओल्या अंगाला वारा लागला की थंडी वाजते, तसंच. मग गॅस मंद येतो, आणि काही जण सिलिंडर कढत पाण्यात उभा करतात किंवा खाली जाळ करतात. असं कधीही करू नका. आतला दाब वाढतो. त्यापेक्षा दोन सिलिंडर आलटूनपालटून वापरा.

या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. कुजक्या कोबीसारखा जो वास येतो, तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त पदार्थाचा, इथिल मरकॅप्टनचा. गळती कळावी म्हणून तो घातलेला असतो. आणि हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. म्हणजे गळला की वर जात नाही, जमिनीवर साचतो, उंबऱ्याशी, ओट्याखाली, खड्ड्यात. हवेत शंभरात दोन भाग गॅस झाला तरी ठिणगी पुरते. म्हणून वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करा. दारं-खिडक्या सताड उघडा, दार आधी, कारण गॅस खाली असतो. दिव्याचं बटण लावू नका, आणि चालू असेल तर बंदही करू नका. दोन्ही वेळा ठिणगी पडते. पंखा नको, मोबाइल नको, काडी तर नकोच. सिलिंडरला टोपण लावा, पोराबाळांना बाहेर काढा आणि लांब जाऊन १९०६ या नंबरवर फोन करा. गॅस गळतीसाठीचा हा नंबर आहे, घराच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. गोबर गॅस हवेपेक्षा थोडा हलका असतो, म्हणून तो मात्र वर चढतो. त्याच्या खोलीला छताजवळ झरोका हवा.

सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. बी २८ लिहिलं असेल तर जून २०२८ पर्यंत त्या सिलिंडरची पुन्हा तपासणी व्हायला हवी. मुदत उलटून गेलेला सिलिंडर परत करा.

आता पेट्रोल आणि रॉकेल. दिसायला दोन्ही पातळ, दोन्ही पेटतात, म्हणून अनेकांना ती बहिणी-बहिणी वाटतात. पण पेट्रोलच्या साखळ्या आखूड. शून्याच्या खाली चाळीस अंश इतक्या कडाक्याच्या थंडीतही पेट्रोलची पेटणारी वाफ निघते. रॉकेलला तशी वाफ सुटायला साधारण पस्तीस ते चाळीस अंश तापमान लागतं. म्हणून कंदिलातलं रॉकेल वातीवर शांतपणे जळतं. पेट्रोलचं तसं नाही. डबा उघडला की वाफ पसरते, जमिनीलगत सरकत दूरच्या चुलीपर्यंत जाते आणि जाळ उलटा धावत डब्यापर्यंत येतो. रेशनवरचं रॉकेल बऱ्याच ठिकाणी मिळेनासं झालंय. त्यामुळे ओली लाकडं पेटवायला गाडीतलं पेट्रोल बाटलीत काढून आणतात, असं मी वस्त्यांवर पाहते. मैत्रिणींनो, हे थांबवा. रॉकेलमध्ये थोडंसं पेट्रोल मिसळलं तरी ते मिश्रण पेट्रोलसारखंच वागतं, कारण आधी उडतात त्या आखूड साखळ्या. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा नुसतं रॉकेलसुद्धा चुलीजवळ ठेवायचं नाही. पेटत्या चुलीत वरून रॉकेल ओतायचं नाही. आणि तेलानं पेट घेतला तर पाणी मारायचं नाही. रॉकेल, पेट्रोल, गोडं तेल, सगळी पाण्यावर तरंगतात. पाण्याबरोबर जाळ वाहत घरभर जातो. कढई पेटली तर गॅस बंद करून वर झाकण सरकवा. हवा मिळाली नाही की जाळ विझतो.

लहान मुलांच्या घरी आणखी एक गोष्ट. रॉकेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच ठेवू नका. आमच्या भागातल्या एका वस्तीवर रांगणारं पोर ते प्यायलं. आजीनं मायेपोटी मीठपाणी पाजून ओकारी काढायला लावली, आणि पोराचा श्वास आणखी घरघरला. दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं. रॉकेल पातळ आणि घसरतं. पोटात असताना ते जेवढं अपाय करतं, त्याहून कितीतरी जास्त फुप्फुसात शिरल्यावर करतं. ओकारी काढली की ते वर येताना श्वासनळीत जातं. म्हणून रॉकेल प्यायलेल्या मुलाला ओकारी काढायला लावायची नाही. दूध, मीठपाणी काहीही न पाजता, कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे काढून, ताबडतोब दवाखाना. १०८ ला फोन करा. ते पोर वाचलं, पण आठवडाभर दवाखान्यात होतं.

आता जळण्याकडे येऊ. आपण हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च लिहितो आणि दोन्ही बाजू जुळल्याशिवाय उठत नाही. रासायनिक समीकरण ही तशीच वही आहे. डावीकडे जेवढं गेलं तेवढंच उजवीकडे निघालं पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. इंधन जळतं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतं. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, एका कार्बनला दोन ऑक्सिजन. हायड्रोजनचं पाणी होतं, दोन हायड्रोजनला एक ऑक्सिजन. आता प्रोपेन घ्या. तीन कार्बन, आठ हायड्रोजन. तीन कार्बनचे तीन कार्बन डायऑक्साइड, त्यांना सहा ऑक्सिजन लागले. आठ हायड्रोजनचं चार भाग पाणी, त्याला चार ऑक्सिजन. एकूण दहा. ऑक्सिजन हवेत जोडीनं फिरतो, म्हणून पाच जोड्या. लेकींनो, समीकरण जुळलं. घाबरायचं काय त्यात?

हाच हिशेब अख्ख्या सिलिंडरचा मांडून बघितला तर गंमत कळते. १४.२ किलो गॅस पूर्ण जळायला हवेतला साधारण ५१ किलो ऑक्सिजन लागतो. त्यातून साधारण ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाणी तयार होतं. होय, एका सिलिंडरमागे जवळजवळ २२ लिटर पाणी! ते वाफ होऊन उडून जातं म्हणून दिसत नाही. पण सकाळी गार पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं की पहिल्या मिनिटात बाहेरच्या बाजूला दव धरतं, तुम्ही पाहिलंय. पातेलं गळतंय का म्हणून आपण उचलूनही बघतो. ते पाणी इंधनातल्या हायड्रोजनचं. आणि भांड्याच्या बुडाला बसते ती काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. हायड्रोकार्बनमधली दोन्ही मूलद्रव्यं तुमच्या हाताला लागतात, एक पाणी होऊन, एक काजळ होऊन. यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही.

५१ किलो ऑक्सिजन म्हणजे दोनशे किलोहून जास्त हवा, कारण हवेत ऑक्सिजन पाचातला एकच भाग असतो. एवढी हवा बर्नरला मिळाली नाही तर काय होतं, ते ज्योतीचा रंग सांगतो. निळी ज्योत म्हणजे जळण पुरं होतंय. पिवळी म्हणजे कार्बनचे बारीक कण अर्धवट जळून नुसते तापून चमकतायत. तेच कण भांड्याला काळं करतात. मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंची तक्रार होती, की भांडी काळी पडतात, सिलिंडर लवकर संपतो, गॅसवाला कमी भरून देतो. मी त्यांना म्हटलं, आधी शेगडी बघू. बर्नरच्या भोकांत उतू गेलेल्या दुधाची खरपूड बसली होती आणि शेगडीखाली हवा घेणाऱ्या भोकात कोळ्यानं जाळं केलं होतं. बर्नर गरम पाण्यात भिजवून घासला, टाचणीनं भोकं मोकळी केली, जाळं काढलं. ज्योत निळी झाली. सिलिंडरही आता काही दिवस जास्त जातो, असं त्या सांगतात. वजनाची शंका असेल तर तीही फेडून घ्या. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर लिहिलेलं असतं. त्यात १४.२ मिळवा आणि दारात वजन करून मागा, तो आपला हक्क आहे. एक लक्षात असू द्या, वरण उतू गेल्यावर क्षणभर ज्योत पिवळी होते ती मिठामुळे. ती लगेच पूर्ववत होते.

हवा आणखी कमी पडली तर कार्बनला दोनऐवजी एकच ऑक्सिजन मिळतो. त्याचा होतो कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन असतं. हा वायू त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. हे लाकूड, कोळसा, रॉकेल, गॅस सगळ्यांच्या बाबतीत होतं. आणि सगळ्यात फसवा असतो लाल फुललेला कोळसा. धूर नाही म्हणून आपल्याला वाटतं आता काही धोका नाही, आणि आपण शेगडी घरात घेतो.

बाळंतिणीच्या खोलीचा विचार करा. वारं लागू नये म्हणून खिडक्या बंद, दाराला पडदा किंवा गोधडी आणि बाजेखाली शेगडी. शेक द्यायचा असेल तर द्या, आपल्या आजीपणजीची रीत आहे, पण त्यांची घरं कौलारू होती, कौलांच्या फटींतून हवा खेळायची. आपल्या स्लॅबच्या खोल्यांत ती फट राहिली नाही. शेक देताना दार उघडं ठेवा, खिडकीची एक फळी उघडी ठेवा आणि शेक झाला की शेगडी अंगणात न्या. पेटती शेगडी घेऊन कुणीही झोपायचं नाही, हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा. बंद मोरीतला गॅसचा गिझर याच कारणानं जीव घेतो. तो बाहेर बसवावा आणि मोरीला हवेची वाट हवीच. कुणाला गुंगी आलेली दिसली तर आधी त्याला मोकळ्या हवेत ओढून आणा, मग १०८.

मेणबत्त्या करणाऱ्या गटांसाठी थोडं. मेणाच्या साखळ्या लांब, म्हणून ते घट्ट. ते साठ अंशांच्या आसपास वितळतं, आणि दोनशेच्या आसपास तापलं की त्याची वाफ पेटते. नुसत्या जाळावर पातेलं ठेवून बोलत बसलात तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं. पाणी शंभराच्या वर तापत नाही, त्यामुळे मेणही जात नाही. फक्त पाणी आटू देऊ नका. आणि मेण पेटलंच तर झाकण, पाणी अजिबात नाही.

लांब साखळ्या जास्त निघाल्या आणि पेट्रोलला मागणी जास्त असली, तर कारखान्यात त्या साखळ्या तापवून तोडतातही. त्यातून इथिलीनसारखे छोटे तुकडे मिळतात, आणि हजारो तुकडे पुन्हा एकाला एक जोडले की पॉलिथीन होतं. आपली दुधाची पिशवी, पाण्याचा पाइप. म्हणून प्लास्टिक चुलीत घालायचं नाही. ते तेलाचंच भावंड, भडकतं, आणि त्याचा धूर स्वयंपाकघरात श्वासाबरोबर आत जातो.

एक गोष्ट मात्र मनात राहू द्या. जे तेल व्हायला कोट्यवधी वर्षं गेली, ते आपण शेदीडशे वर्षांत उपसत आलो आहोत. त्याच्यातला कार्बन हवेत जातो आणि पृथ्वी तापते. गोठ्यातल्या कालच्या शेणापासून होणारा मिथेन हाही हायड्रोकार्बनच, पण तो कालच्या चाऱ्यातून आलेला. ज्यांच्याकडे चार जनावरं आणि पाणी आहे, त्यांनी गोबर गॅसचा विचार जरूर करावा. त्याचा खर्च, कर्ज आणि अनुदान यावर मी पुढे बोलेन.

आता पुढच्या बैठकीसाठी घरचा अभ्यास देते. तीन गोष्टी बघून या. सिलिंडरवरचं अक्षर आणि आकडे. ज्योतीचा रंग. आणि गार पातेल्याच्या बाहेरचे थेंब. दहावीतल्या लेकीला सोबत आणा. ती आपल्याला फळ्यावर साखळी काढून दाखवेल, आणि ज्योत पिवळी का होते ते तुम्ही तिला सांगा. सूत्र तिला येतं, जाळ तुम्हाला कळतो. दोघींनी मिळून वाचला तर हा धडा सोपा आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळी. नमस्कार.